आनंदा, तो होडी बांधायचा दगड होता

आनंदा, तुझं हे वागणं मला अजिबात पटलेलं नाही. माणसानं मरू नये असं माझं म्हणणं नाही. पन्नाशी कधीच उलटली होती, छातीत दोनदा कळ येऊन गेली होती, डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून बजावलं होतं आणि तू त्यांच्यासमोर "व्हय व्हय" करून त्याच संध्याकाळी ब्रह्मपुरीची टेकडी चढून आला होतास. तेव्हा हे कधी ना कधी व्हायचंच होतं. पण गुरुवारी? रविवारची फेरी तीन दिवसांवर आली असताना, अंगणात बसून सायकलच्या साखळीला तेल घालता घालता? निदान आपलं भांडण मिटवून तरी जायचं होतंस. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. चौथीच्या वर्गापासून मी ती सोसत आलोय.

भांडण कशावरून, हे तुला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. पंचगंगेच्या घाटावरच्या एका दगडावरून. तू पोस्टमन, मी शाळेत इतिहासाचा मास्तर. तू त्या दगडाची एक गोष्ट रचलीस, लोकांनी ती खरी धरली आणि हळदकुंकू घेऊन यायला लागले. ती गोष्ट खोटी आहे हे तू चारचौघांत कबूल करावंस, एवढीच माझी मागणी होती. "बघू की" म्हणालास, आणि गेलास. मग ते काम माझ्या गळ्यात आलं. तू हयात होतास तेव्हा तुला तोंडावर खोटारडा म्हणायला मला काडीचाही संकोच वाटत नव्हता. तुझ्या माघारी, तुझ्याच लोकांपुढं, तुझ्याच घाटावर ते कोणत्या तोंडानं म्हणायचं, याचा तू एकदा तरी विचार करायचा होतास.

फेरी सुरू झाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्या पेठेतल्या वाचनमंडळात मीच ती कल्पना काढली. बाहेरगावचे पाहुणे येतात, देवीचं दर्शन घेतात, चप्पल घेतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात आणि घाट न बघताच परत जातात. त्यांना रविवारी सकाळी चालत गाव दाखवावं. मी बारा फुलस्केप पानं काढली. शिलाहारांपासून सुरुवात, मग यादव, मग पुढचं सगळं क्रमानं. रस्ताही ठरवला: बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश, शुक्रवार पेठ आणि शेवटी घाट. दोन तासांचं काम. फक्त पुढं चालायला गल्लीबोळ जाणणारा कुणीतरी हवा होता. तू छातीच्या दुखण्यापायी नुकताच मुदतीआधी निवृत्त झाला होतास आणि घरात वहिनींच्या पायात पायात येत होतास. वहिनींनीच मला हात जोडून विनवणी केली, "भावजी, ह्यास्नी कुटं तरी घिऊन जावा."

पहिल्या रविवारी अठरा माणसं होती. पापाच्या तिकटीपर्यंत सगळं नीट चाललं होतं. तिथून सरळ जायचं तर तू डावीकडच्या बोळात शिरलास. अठरा माणसं तुझ्यामागं बोळात.

"आनंदा, रस्ता सरळ आहे."

"सरळ गेलं की डाव्या अंगाची घरं राहत्यात की, मास्तर."

"आपल्याला घरं बघायची नाहीत. घाट बघायचाय."

"घाट कुटं पळून चाललाय गा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तू गाव दाखवत नव्हतास, टपाल वाटत होतास. तीस वर्षं ज्या वाटेनं पिशवी घेऊन फिरलास, त्याच वाटेनं तू अठरा माणसं फिरवलीस. डावीकडचा बोळ, परत मुख्य रस्ता, उजवीकडची गल्ली, तिच्यातून मागच्या अंगणातून पुढच्या गल्लीत. प्रत्येक दारापाशी तू थबकायचास आणि तुझा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडं जायचा, जिथं आता पिशवी नव्हती. दोन तासांची फेरी पावणेचार तास चालली. शिलाहार बिंदू चौकातच राहिले.

आणि तुझं ते दारात उभं राहून मोठ्यानं नाव पुकारणं! आतून माणसं हात पुसत बाहेर यायची, कारण तुझी हाक म्हणजे पत्र अशी तीस वर्षांची सवय. पत्र नाही, पाहुणे आहेत हे कळल्यावरही त्यांना राग येत नसे. उलट पाणी येई, गूळ येई, कुणाकडं तर पोहे टाकलेले असत. मी घड्याळाकडं बघत रस्त्यात उभा. एका घरापाशी तू सांगितलंस की इथं सासू आणि सून दोघींना माहेरची पत्रं यायची. सासूचं पुढच्या दारी द्यायचं आणि सुनेचं मागच्या, आणि तेही सासू देवळात गेल्यावर. कुणीतरी साहजिकच विचारलं, त्या पत्रांत असायचं काय?

"पत्ता," तू म्हणालास. "पावणं, मी फकस्त पत्ता वाचतो."

सगळे हसले. मीही हसलो. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू शेफारला असतास.

जयसिंगपूरचे एक व्यापारी पाहुणे दोनदा आले होते, आठवतात? जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळं बरोबर असंल. पर पोस्टमनमामांचं ऐकत ऱ्हावंसं वाटतंय." मी बारा पानं काखेत धरून "हो, हो" म्हणालो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग मी बाराची सात पानं केली, तीही तुला दाखवली नाहीत.

पण घाट माझा होता. तसा आपला करार होता. घाटावर पोचलो की तू पायऱ्यांवर बसून बिडी ओढायची आणि मी बोलायचं. देवळांचे कळस, दीपमाळा, पुराचं पाणी चढल्याची खूण, पूल होण्याआधीचा नावेचा उतार. तिथंच, खालून सहाव्या-सातव्या पायरीला लागून, तो दगड. गुडघ्याएवढा, वरून गोल घासलेला, अंगाला भोक. त्या भोकातून दोर ओवून नाव बांधायचे. तो होडी बांधायचा दगड आहे आनंदा, हे मी शेकडो वेळा सांगितलंय आणि आत्ताही सांगतो. दोरानं झिजून पडलेली खाच बोटानं चाचपता येते.

आणि मग मी एक रविवार चुकवला. एकच. पेपर तपासणीच्या बैठकीला मला बोलावणं होतं. फेरी तू एकटा घेऊन गेलास. घाटावर लोक दमून बसले, कुणीतरी त्या दगडाकडं बोट करून विचारलं हे काय, आणि "मास्तर आल्यावर सांगतील" असं म्हणायचं सोडून तू तोंड उघडलंस.

पुढच्या रविवारी मी तुझ्या तोंडूनच ती गोष्ट ऐकली. माझं नावेवरचं बोलणं संपायच्या आत बायकांनी तुला आग्रह केला, "मामा, त्या बाईचं सांगा की," आणि तू बिडी विझवून सुरू झालास.

"पूल न्हवता तवाची गोष्ट. हितनं नाव सुटायची. एका बाईचा पोरगा नावंतनं पल्याड गेला, फौजंत. रोज नाव परत आली की ती हितं यायची अन् नावाड्याला इचारायची, आला का? नावाडी म्हणायचा, आज न्हाय, उद्या यील. असं किती वर्सं चाललं देवाला ठावं. तिचं केस पिकलं, नावाडी म्हातारा झाला, त्याचा पोरगा नाव हाकाय लागला. त्योबी म्हणायचा, उद्या यील. अन् एक दिस नावंतनं पोरगा उतरला की! ती हितंच बसलीती. ह्या जाग्याला."

"अन् मग?"

"मग काय? गेली दोघं घरला."

एवढीच. ना तिचं नाव, ना गाव, ना राज्य कुणाचं. कुठल्या फौजेत गेला, सांगायची गरज वाटली नाही तुला. मी पुलावर तुला गाठून विचारलं, "पुरावा काय?"

"दगुड हाय की."

"तो होडी बांधायचा दगड आहे!"

"मग? होडी बांधायच्या दगडावर बाईनं बसाय नगं व्हय?"

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं जाऊ दे, चार दिवस सांगेल आणि विसरेल. तिथं माझं चुकलं. तू विसरलास तरी बायका विसरणार होत्या का? मुडशिंगीच्या आक्का गंगावेशीत भाजी विकून घाटावर पाय धुवायला यायच्या. त्यांचा मुलगा सरहद्दीवर होता आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. त्या एका रविवारी आपल्या माणसांच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. पुढच्या रविवारी दगडावर कुंकू दिसलं. त्याच्या पुढच्याला हळद, झेंडूचं फूल आणि फोडलेल्या नारळाची शेंडी. दोन आठवड्यांनी आक्कांना पत्र आलं. लष्कराचं टपाल अडकलं होतं, ते सुटलं, बाकी काही नाही. पण बघता बघता गावोगावच्या आया त्या दगडापाशी यायला लागल्या. "बसलेली आई" असं नाव पडलं. तालमीतल्या पोरांनी शेंदूर फासला आणि वर पत्र्याचं छत घालायचं ठरवलं.

आणि मग तो दिवस आला, ज्याचं वर्णन मी तुला सहा वेळा केलं आणि सहाही वेळा तू हसलास. नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता: पंचगंगा घाटाचे ऐतिहासिक महत्त्व लिहा. अकरा मुलांनी बसलेल्या आईची गोष्ट लिहिली. एकानं तर तिच्या मुलाला पानिपतावर पाठवलं होतं! माझी मुलं, आनंदा. माझ्या हाताखाली शिकलेली. मी तांबड्या पेन्सिलीनं अकरा शून्यं दिली आणि मला वाटलं, माझी पंचवीस वर्षं पाण्यात गेली.

तू सहाव्यांदा हसलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर मी तुला धरलं. म्हशी दावणीला उभ्या, गवळी समोर धार काढतोय, तुझ्या मिशीला फेस. मी म्हटलं, येत्या रविवारी घाटावर सगळ्यांसमोर सांगायचं की ही गोष्ट मी रचली. तू फेस पुसलास.

"मास्तर, तीस वर्सं मी दारोदार न्हाय न्हाय म्हणत फिरलोय. सकाळी बाई उंबऱ्यात हुभी. आलं का? न्हाय. दुसऱ्या दिशी परत हुभी. न्हाय. कोण जेवायची न्हाईत, कोण दारच लावून घ्यायची. मग मी उद्या यील म्हणाय लागलो. मला काय ठावं उद्या यील का न्हाय? पर बाई तेवढा दिस काढायची."

"म्हणजे तू तीस वर्षं खोटं बोललास."

"व्हय. तसं म्हण."

इथं मला थांबता आलं असतं. थांबलो नाही. आता जे लिहितो ते लिहायला नको वाटतं, पण तूही ते ऐकलंयस आणि गवळ्यानंही ऐकलंय, तेव्हा लपवून उपयोग नाही.

माझे वडील गेले त्या दिवसाची गोष्ट. ते माझ्या बहिणीकडं असायचे, जयसिंगपूरच्या पुढं, नदीकाठच्या गावी. तार आली. तार वाटणं तुझं काम नव्हे, पण तारवाल्याच्या हातातून तू ती मागून घेतलीस, मास्तरचं घर माझ्या वाटेवर आहे म्हणून. मी नुकताच पानावर बसलो होतो. तू आत आलास, भिंतीला टेकून बसलास, म्हणालास, "जेव जेव, गडबड न्हाय." मी तुला भाकरी दिली, तू अर्धी खाल्लीस. शाळेच्या, पावसाच्या, कुस्त्यांच्या गप्पा मारल्यास. मी हात धुतला, पान खाल्लं, आणि मग तू खिशातून तार काढलीस. तासभर माझा बाप मेलेला होता आणि मी तुझ्यासमोर बसून मिरचीच्या ठेच्याचं कौतुक करत होतो.

दूध कट्ट्यावर मी ते बाहेर काढलं. म्हटलं, "तुला खरं वेळेवर सांगायची सवयच नाही. माझ्या बापाची तारसुद्धा तू दाबून ठेवलीस. चोर आहेस तू, आनंदा. दुसऱ्याच्या मालकीचं दुःख चोरतोस."

फार चांगलं वाक्य साधलं असं मला त्या क्षणी वाटलं. तू पेला खाली ठेवलास. रागावला नाहीस. रागावला असतास तर बरं झालं असतं. म्हणालास, "दोनच्या आत गाडी न्हवती, मास्तर. मी आदी स्टँडवर जाऊन आलतो. उपाशी गेला असतास, अन् तितं गेल्यावर तुला कोण जेवायला घालणार हुतं?"

वीस वर्षांत तू हे सांगितलं नव्हतंस. मी तोंडावर पडलो होतो, आणि तोंडावर पडलेला माणूस जे करतो तेच मी केलं. आवाज चढवला. म्हटलं, घाटावर कबूल करेपर्यंत मी फेरीला येणार नाही. तू म्हणालास, "बघू की," आणि उठून गेलास.

सहा रविवार मी आलो नाही. तूही आला नाहीस. तीस वर्षं लोकांच्या दारात जाणारा माणूस, आणि माझ्या दारात यायला तुझे पाय दुखले. फेरी चालूच आहे हे कानावर येत होतं. काय सांगतोस, काय नाही, ते मी विचारत नव्हतो आणि मला कुणी सांगत नव्हतं. माझा चेहरा बघूनच सांगत नसावेत.

मग गुरुवार.

तुझ्या दहाव्यालाही तू मला सुखानं उभं राहू दिलं नाहीस. त्याच घाटावर, त्या दगडापासून शंभर पावलांवर पिंड ठेवलेला, समोर पिंपळावर पंधरा-वीस कावळे, आणि एक खाली उतरेल तर शपथ. तुझ्या मुलानं सांगितलं, आईला अंतर देणार नाही. तुझ्या भावानं सांगितलं, सायकल घरातच ठेवतो. वहिनींनी हात जोडून काय काय पुटपुटून पाहिलं. ऊन चढलं, पन्नास माणसं उपाशी. शेवटी वहिनी माझ्याकडं वळल्या, "भावजी, तुमीच बोला. तुमच्यापाशीच काय तरी ऱ्हायलंय त्यांचं."

मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी पुढं झालो आणि वैतागून म्हटलं, "बरं बाबा, तुझी गोष्ट मी मोडणार नाही. झालं समाधान?"

कावळा आला. तो भुकेला होता, आणि मी पुढं झालो तशी माणसं मागं सरली म्हणून उतरला, एवढंच माझं म्हणणं. पण वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या आणि मी शब्दात अडकलो. खोटं खोटं म्हणून ज्यासाठी तुझ्याशी सहा आठवडे अबोला धरला, ते खोटं सांभाळायचं वचन मी कावळ्यादेखत देऊन बसलो होतो. आणि दुसऱ्याच दिवशी रविवार होता.

फेरी मी नेली. मुद्दाम सरळ रस्त्यानं. पापाच्या तिकटीला लोक आपणहून डावीकडच्या बोळात वळले. मी ओरडत राहिलो, "सरळ, सरळ," आणि पंचवीस माणसं बोळात दिसेनाशी झाली. मला त्यांच्यामागं जावं लागलं. दारांत माणसं उभी होती. त्या सासूसुनेच्या घरातली सून आता स्वतः सासू झालीय. ती तांब्या-भांडं घेऊन पुढच्या दारात उभी होती. मी पाणी प्यालो.

घाटावर मी नावेच्या उतारापर्यंत आलो आणि माझं बोलणं अडलं. दगडावर ताजं कुंकू. शेजारच्या पायरीवर आक्का रिकामी पाटी घेऊन बसलेल्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "ही कुणाची जागा म्हणे?" मी तोंड उघडलं. होडी म्हणावं तर काल दिलेला शब्द मोडतो. आई म्हणावं तर पंचवीस वर्षांची मास्तरकी मोडते. घसा खाकरला, परत खाकरला.

"मास्तर," आक्का म्हणाल्या, "कशापायी एवढं अवघडताय? आमास्नी ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"अशी बाई कोन न्हवती म्हणून. नाव बांधायचा दगुड हाय ह्यो. मामांनीच सांगितलं की."

"कधी?"

"त्ये गेलं न्हवं, त्याच्या आदल्या ऐतवारी. हितंच हुभं राहून, टोपी काढून सांगितलं. म्हणलं, ही गोष्ट मी केलीया, कुटल्या पुस्तकात न्हाय. मास्तर सांगतोय त्येच खरं. त्याला कायबी इचारा, त्यो खोटं बोलत न्हाय."

मला त्या दगडावरच बसावं लागलं. बसलो, आणि मग लक्षात आलं कुठं बसलोय ते. आक्का जरा सरकल्या.

"तरीही कुंकू लावता?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"मी कुटं त्या बाईला लावतो? माझं पोरगं तिकडं हाय. मला कुटं तरी येऊन बसाय नगं व्हय?" आणि पाटी आवरत म्हणाल्या, "तुमची लई वाट बघितली त्यांनी त्या दिशी. माणसं गेली तरी बसलंतं, ऊन वर येस्तवर. म्हणलं, आज येतोय मास्तर. आज ऐकाय पायजे हुता त्यो."

आता मला सांग आनंदा, तुझ्यावर चिडू नको तर काय करू? सांगून मोकळा झालास, तर मला कळवायला काय झालं होतं? दोन गल्ल्या पलीकडं माझं घर. एक शब्द. एखाद्या पोराच्या हातून चिठ्ठी. जी गोष्ट तू तेरा दिवस आधीच मोडून बसला होतास, ती न मोडण्याचं वचन मी पन्नास माणसांसमोर दिलं आणि कावळ्यासकट सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. माझं हसं करायची एकही संधी तू शेवटपर्यंत सोडली नाहीस.

वहिनींना मी विचारलं. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाल्या की त्या रविवारी तू उशिरा घरी आलास, पाय धुतलेस आणि म्हणालास, "मास्तरला अजून राग हाय."

तू चारचौघांत टोपी काढून चूक कबूल केलीस. त्याच जागी, पंचवीस माणसांसमोर, मलाही काही कबूल करायचं होतं. दूध कट्ट्यावर मी जे बोललो ते हलकट बोललो, हे म्हणायचं होतं. बाप गेला त्या दिवशी मी पोटभर जेवून निघालो म्हणूनच तिथं सगळं निभावून नेऊ शकलो; बहीण कोसळली होती, तिला सावरायला अंगात बळ लागलं आणि ते तुझ्या त्या तासाभरानं दिलं, हे म्हणायचं होतं. वीस वर्षांत मी एकदाही तुझे आभार मानले नाहीत. मी तिथं यातलं काही बोललो नाही. "चला, पुढं दीपमाळ बघू या" म्हणालो. म्हणून इथं लिहितो. चूक माझी होती.

आणि एक राहिलं. ते कुणालाच ठाऊक नाही, घरात बायकोलाही नाही. माझा राग पाचव्या रविवारीच संपला होता. त्या सहाव्या रविवारी, तू तिकडं घाटावर टोपी काढून उभा असशील त्या सुमाराला, मी धुतलेला सदरा घातला, चपला घातल्या आणि दारापर्यंत आलो. कडीला हात लावला. मग म्हटलं, दर वेळी मीच का? येऊ दे की एकदा त्यालाच. आणि चपला काढून परत आत जाऊन बसलो.